सातचे वऱ्हाडे, आठचे वऱ्हाडे

शनिवारी संध्याकाळी ताईंचा फोन आला. त्या चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "दादा, काट्यावर ६१,२४० किलो भरून राहिलं अन् तुमच्या पट्टीत ५९,७८० च येऊन राहिलं. दीड हजार किलो संत्रा गेला कुठं?"

नेमका आकडा १,४६०. पण संध्याकाळी सात वाजता, बाहेर पाच-सहा शेतकरी पट्टीसाठी उभे असताना, ताईंचा 'दीड हजार' मला जास्त बरोबर वाटला.

ताई ज्या पॅकहाउसचा हिशेब बघतात ते नागपूरच्या काटोल रोडवर, फेटरीच्या पुढे आहे. काटोल, कळमेश्वर, नरखेड या बाजूचा संत्रा तिथे येतो, धुतला जातो, प्रतवारी होते, पेट्या भरून बाहेर जातात. शेतकऱ्याच्या हातात पडते ती पट्टी: वजन किती, कुठल्या प्रतीचा माल किती, भाव काय, तूट आणि हमाली वजा जाता हाती किती. ही पट्टी तयार करणारी पायथन भाषेतली स्क्रिप्ट आमची. आम्ही म्हणजे आयटी पार्कजवळच्या एका खोलीतले तिघे. त्यातला एक दोनच महिन्यांपूर्वी लागलेला.

हे प्रकरण लिहून ठेवतोय, कारण चूक सापडली ती भलत्याच जागी. आणि सापडल्यावर जी दुरुस्ती केली, तिने पहिल्या फटक्यात हिशेब उलट्या बाजूने बिघडवला.

माल कसा वाहतो

रोज रात्री दोन ठिकाणांहून काटापट्ट्या येतात. पॅकहाउसच्या काट्यावर जो माल थेट येतो, त्याची नोंद करताना शेतकऱ्याचं नाव यादीतून निवडावं लागतं, त्यामुळे त्याचा कोड आपोआप लागतो. गावात जाऊन माल उचलणारी दोन पोरं मात्र फोनवर नाव टाइप करतात. रेंज नसते, यादी उघडत नाही, म्हणून कोडचा रकाना रिकामा राहतो. अशा नोंदींसाठी आम्ही शेतकऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव एकत्र करून सगळ्या शेतकऱ्यांच्या मास्टर यादीशी जुळवायचो.

नावावर जुळवणी करणं वाईट, हे मला तेव्हाही माहीत होतं. 'सध्या चालवून घेऊ' म्हणून केलं आणि ते 'सध्या' दोन हंगाम चाललं.

वाट अशी: दोन्ही फाइली वाचायच्या, नावं साफ करायची, मास्टरशी मर्ज करायचं (प्रत्येक नोंदीला मास्टरमधली जोडी लावायची), भाव आणि कपात लावायची, पट्ट्या आणि बँकेची फाइल काढायची. पाच पायऱ्या, सगळं पांडाजमध्ये, म्हणजे पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत.

तारखेवरचा खोटा आळ

माझा पहिला संशय तारखेवर गेला. भारतातल्या डेटात हा संशय जवळपास संस्कारासारखा असतो. ०५/११ म्हणजे आपल्या लेखी ५ नोव्हेंबर, पण सांगितलं नाही तर पांडाज त्याला ११ मे समजतो. २.० च्या आधीच्या आवृत्त्या तर आणखी गंमत करायच्या: त्याच रकान्यात १३/११ दिसला की तेरावा महिना नसतो म्हणून आपणहून १३ नोव्हेंबर वाचायच्या. अर्धा रकाना एका पद्धतीने, अर्धा दुसऱ्या.

पण आम्ही फॉरमॅट स्पष्ट लिहिलेला होता. शिवाय त्या दिवशीच्या सगळ्या नोंदींची तारीख एकच. तारीख चुकली असती तर सगळ्याच नोंदी गेल्या असत्या, थोड्याच कशा जातील? हे डोक्यात यायला मला अर्धा तास लागला.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. प्रत्येक पायरीच्या उंबरठ्यावर दोनच आकडे घेतले: नोंदी किती आणि वजनाची बेरीज किती. वाचल्यावर १८६ नोंदी, ६१,२४०. साफसफाईनंतर १८६, ६१,२४०. मर्जनंतर १८१, ५९,७८०. गळती मर्जमध्ये होती. आमचा मर्ज 'इनर' होता, म्हणजे ज्याची जोडी मास्टरमध्ये सापडत नाही ती नोंद तो निमूट टाकून देतो. ना इशारा, ना चूक. पैशाच्या हिशेबात असा मर्ज लिहिणाऱ्याला (म्हणजे मला) दंड व्हायला हवा.

मर्ज 'लेफ्ट' केला (म्हणजे जोडी नसली तरी नोंद टिकते), 'इंडिकेटर' चालू केला (म्हणजे जोडी सापडली की नाही ते दिसतं), आणि पाच नोंदी हाती आल्या. तीन शेतकरी. वजनं ३४०, २८०, ४१०, १९०, २४०. आडनावं वऱ्हाडे, कऱ्हाळे आणि गोऱ्हे.

आता हे वाचणाऱ्यांपैकी काहींना उत्तर दिसलंही असेल. मला दिसलं नव्हतं.

पोरगा 'एस' दाबत खाली उतरला

आमच्यातल्या नव्या पोराला मी म्हटलं, ब्रेकपॉइंट लाव आणि बघ मर्जला ही जोडी का सापडत नाही. पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, ब्रेकपॉइंट हे एक साधं फंक्शन आहे. कोडमध्ये ती एक ओळ टाकली की प्रोग्राम तिथे थांबतो आणि पीडीबीचा, म्हणजे पायथनच्या डीबगरचा (प्रोग्राम थांबवून आत बघायच्या साधनाचा), प्रॉम्प्ट येतो. तिथे 'एन' म्हणजे पुढची ओळ, 'एस' म्हणजे फंक्शनच्या आत उतर, 'सी' म्हणजे सोडून दे, चालू दे.

त्याने मर्जच्या ओळीवर 'एस' दाबला. मग पुन्हा 'एस'. पुन्हा. दहा मिनिटांनी तो पांडाजच्या पोटात अशा ठिकाणी पोहोचला होता, जिथलं एकही नाव आमचं नव्हतं. त्याच्याही पुढे गाठ कंपाइल केलेल्या कोडशी पडते आणि तिथे पीडीबीची नजरच पोचत नाही. काम होतं, निकाल बाहेर येतो, मधलं काही दिसत नाही.

दरम्यान आणखी एक फजिती झाली. आमच्या कोडमध्ये एका नोंदीसाठी वापरलेल्या व्हेरिएबलचं नाव होतं नुसतं इंग्रजी 'एन', नोंदचा न. पोराने ती नोंद बघायला प्रॉम्प्टवर 'एन' टाइप केलं आणि डीबगर आज्ञाधारकपणे एक ओळ पुढे गेला. पुन्हा 'एन', पुन्हा एक ओळ. "सर, हा दाखवूनच नाही राहिला काही." अशा वेळी 'पी एन' म्हणायचं किंवा आधी उद्गारचिन्ह द्यायचं, म्हणजे ती आज्ञा नसून पायथनचं वाक्य आहे हे पीडीबीला कळतं. एका अक्षराची व्हेरिएबल्स लिहिणारा माणूसही मीच होतो, हे नोंदवून पुढे जातो.

इथे डेटाचं काम इतर प्रोग्रामिंगपेक्षा वेगळं पडतं. डीबगर कोडच्या ओळीवर थांबतो, आपल्याला थांबायचं असतं डेटाच्या नोंदीवर. मर्जची एकच ओळ १८६ नोंदी एका झटक्यात गिळते. तिच्यावर कितीही वेळा थांबा, 'वऱ्हाड्यांची पाळी आली की थांब' असं तिला सांगता येत नाही, कारण आत पाळी अशी काही नसतेच. म्हणून मर्जच्या आत न शिरता त्याच्या दारात उभं राहायचं, बिघडलेली एक नोंद आणि जिच्याशी ती जुळायला हवी होती ती मास्टरची एक नोंद, अशा दोनच बाहेर काढायच्या आणि समोरासमोर बसवायच्या.

समोरासमोर

आधी आम्ही प्रिंटने बघितलं होतं. काटापट्टीतलं नाव छापलं, मास्टरमधलं छापलं. वऱ्हाडे. वऱ्हाडे. गावही तेच. पोरगा म्हणाला, "सर, सेमच तर आहे." मीही बघितलं. सेमच होतं.

त्यात आणखी एक चकवा. त्याच दिवशीच्या फाइलमध्ये दुसऱ्या एका वऱ्हाड्यांची काटापट्टी होती आणि ती सरळ जुळून पुढे गेली होती. म्हणजे आडनावात काही खोट असावी हा तर्क पोराने सुचवला होता, तो मीच हाणून पाडला. "तो दुसरा वऱ्हाडे कसा गेला मग?" या प्रश्नाने तासभर खाल्ला.

मग ब्रेकपॉइंट मर्जच्या एक ओळ आधी लावला. प्रॉम्प्टवर दोन नावं दोन व्हेरिएबल्समध्ये घेतली. पहिला प्रश्न: ही दोन समान आहेत का? उत्तर: फॉल्स. दुसरा प्रश्न: नुसत्या आडनावाची लांबी किती? काटापट्टीतल्या वऱ्हाड्यांची ७. मास्टरमधल्या वऱ्हाड्यांची ८.

तिसऱ्यांदा 'पी' म्हणून नुसतं नाव मागितलं आणि पडद्यावर मास्टरमधलं आडनाव असं आलं: व, र्, मग उलटी तिरकी रेघ आणि यू२००डी, मग हाडे.

प्रिंट आणि 'पी' यांतला फरक इथे कामी आला. प्रिंट मजकूर वाचणाऱ्यासाठी छापतो. 'पी' पायथनचं कच्चं रूप दाखवतो आणि त्या रूपात न दिसणारी अक्षरं आकड्यांत उघडी पडतात. (प्रिंटवरही फार राग नको. दोन्ही नावं एका यादीत घालून ती यादी छापली असती तर प्रिंटनेही हेच दाखवलं असतं, कारण यादी छापताना पायथन आतल्या वस्तूंचं कच्चं रूपच काढतो. डेटाफ्रेम, म्हणजे पांडाजचा तक्ता, छापली तर मात्र पुन्हा सगळं गोड दिसतं.)

यू+२००डी म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, झीरो विड्थ जॉइनर. जागा घेत नाही, शाई घेत नाही, पण स्ट्रिंगमध्ये, म्हणजे साठवलेल्या मजकुरात, एक अक्षर म्हणून मोजला जातो.

आचारी आणि आचार्य

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला हा फरक माहीत असतो. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवण किती वाजता ते विचारायचं. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा र. समुद्र म्हणजे दर्या आणि डोंगरातल्या त्या दऱ्या. हा आडवा र आपल्या आडनावांत आणि गावांत भरलेला आहे, आणि आपला मुलूखच मुळी वऱ्हाडाला लागून.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, हा आडवा र दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक रस्ता: खाली टिंब असलेला ऱ, कोड यू+०९३१, त्याला हलन्त. ही पद्धत भारतीय लिपींच्या जुन्या इस्की मानकाशी जुळणारी. दुसरा रस्ता: साधा र, हलन्त, आणि मागे तो शून्य रुंदीचा जोडक. युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगत राहावं म्हणून हाही रस्ता उघडा ठेवलेला आहे. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसतात. मोजायला गेलं तर पहिल्यात सात अक्षरं: व, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा. दुसऱ्यात आठ.

आमच्या मास्टरमधली जुनी नावं कधीकाळी एका जुन्या फाँटमधल्या रजिस्टरातून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलेली. त्या कन्व्हर्टरने सगळीकडे जोडकवाला रस्ता धरला होता. गावात माल उचलणाऱ्या दोन पोरांचे फोन वेगळे, कीबोर्ड वेगळे. एकाच्या फोनमधून ऱ येत होता, दुसऱ्याच्या फोनमधून जोडक. दुसऱ्याने टाइप केलेले वऱ्हाडे मास्टरच्या वऱ्हाड्यांशी आपसूक जुळायचे आणि पहिल्याचे गळायचे. माझ्या तासभराच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

एवढ्यावर विश्वास ठेवायच्या आधी साफसफाईचं फंक्शन तपासायचं होतं. ते एकेक नाव घेऊन चालतं, त्यामुळे तिथे नोंदीवर थांबणं खरोखर शक्य होतं. ब्रेकपॉइंटला अट लावली: नावात यू+२००डी असेल तरच थांब. पीडीबीत ओळीच्या क्रमांकानंतर स्वल्पविराम देऊन अट लिहिली की झालं. थांबला, फंक्शनच्या शेवटापर्यंत चालवला, जोडक जसाच्या तसा. आमची सफाई दोन गोष्टी करायची: टोकाच्या मोकळ्या जागा छाटायची आणि मधल्या दुहेरी जागांची एक करायची. पायथनच्या लेखी हा जोडक मोकळी जागाच नाही. आणि हा बसलेला शब्दाच्या मधोमध, टोक छाटणाऱ्या स्ट्रिपचा त्याच्याशी संबंध काय?

पहिली दुरुस्ती, पोराची

"सर, सगळेच झीरो विड्थ उडवून टाकू ना." त्याने एका ओळीत ते केलंही. पाचही नोंदी पुन्हा गळाल्या.

कारण जोडक काढल्यावर उरतं र, हलन्त, ह. म्हणजे ह वर रफार, वर्हाडे. काटापट्टीत ऱ, मास्टरमध्ये रफारवाला र, दोघं अजूनही वेगळे. आणि समजा जुळले असते, तरी पट्टीवर नाव छापलं गेलं असतं 'वर्हाडे'. स्वतःचं आडनाव असं छापलेलं बघून एखादा काका पट्टी घेऊन परत आला असता आणि त्याचं बरोबरच असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत) चालवायचं. त्याने र आणि सुटा नुक्ता (खालचं टिंब) असा तिसराच प्रकार असेल तर त्याचा एकसंध ऱ होतो. पण एनएफसी जोडकाला हात लावत नाही, त्याच्याहून कडक एनएफकेसीही लावत नाही. म्हणून मग आपल्या हाताने: र, हलन्त, जोडक ही तिकडी जिथे दिसेल तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचं. त्यानंतरच उरलेसुरले जोडक काढायचे.

आणि हे सगळं मूळ नावावर करायचं नाही. 'जुळणी' नावाचा वेगळा रकाना काढायचा, त्यात हे भादरलेलं रूप ठेवायचं, मर्ज त्याच्यावर करायचा. पट्टीवर छापायला मास्टरमधलं नाव, जसं आहे तसं. काही शब्दांत जोडक कारणाने टाकलेला असतो, तो उडवायचा अधिकार आपल्याला नाही.

जाता जाता मास्टरच्या १,१४२ नावांवर एक चाळणी फिरवली. जोडकवाली ३८ निघाली. शिवाय 'ॲ' चे दोन अवतार सापडले: एक २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलेलं एकसंध अक्षर यू+०९७२, आणि दुसरा जुना जुगाड, अ वर चंद्र, मधे कधी जोडक तर कधी नाही. एनएफसी यांनाही एक करत नाही. त्यासाठी आणखी एक बदल लिहावा लागला. बाकी कुरकुरीवर इथे वेळ घालवत नाही.

मग वजन वाढलं

रविवारी दुपारी दुरुस्त स्क्रिप्ट चालवली. मर्जनंतर नोंदी १८९.

काट्यावर १८६, पट्टीत १८९. वजन ६१,९७०. शनिवारी शेतकऱ्यांचा माल गायब होत होता, रविवारी आम्ही ७३० किलो संत्रा हवेतून पिकवला. ही फाइल तशीच बँकेत गेली असती तर कुणाला तरी दुप्पट पैसे गेले असते, आणि ते परत मागायला ताईंना फोन करावे लागले असते. उंबरठ्यावरचे दोन आकडे मोजायची सवय आदल्या दिवशी लागली नसती, तर मी 'पाचही जुळल्या' म्हणून खूश होऊन घरी गेलो असतो.

पांडाजच्या मर्जला 'व्हॅलिडेट' नावाचा एक पर्याय आहे. 'अनेकांना एक' असं सांगितलं की मास्टरच्या बाजूला तीच 'की' (ज्या मजकुरावर जोडी लावतो तो) दोनदा आढळल्यावर तो काम न करता सरळ एरर देतो. तो लावला आणि स्क्रिप्ट पीडीबीच्या ताब्यात देऊन चालवली. एरर आल्यावर प्रोग्राम मरतो, पण पीडीबी त्याला मरणाच्या जागीच धरून ठेवतो. याला म्हणतातच पोस्टमॉर्टेम. पोराला हा शब्द फार आवडला.

उभे होतो ते अर्थातच पांडाजच्या आत. या वेळी खाली उतरायचं नव्हतं, वर चढायचं होतं. 'यू' दाबला की बोलावणाऱ्याच्या चौकटीत जाता येतं. चार-पाच वेळा 'यू' केल्यावर आमचं स्वतःचं फंक्शन आलं आणि तिथले मास्टर, काटापट्ट्या, सगळे डेटाफ्रेम मरायच्या क्षणी जसे होते तसे हाताशी. तिथल्या तिथे मास्टरमधून एकच 'जुळणी' असलेल्या दुहेरी नोंदी काढल्या. अकरा शेतकरी, प्रत्येकी दोन कोड. त्यातल्या दोघांचा माल शनिवारी आलेला होता.

एक कोड जुना, जोडकवाल्या नावाचा. दुसरा कोड नवा, ऱ वाल्या नावाचा. नव्या नोंदी गेल्या काही महिन्यांत, एकेक करून, हाताने टाकलेल्या.

मी ताईंना फोन केला.

"हो, मीच टाकल्या ना," ताई म्हणाल्या. "मृग बहाराच्या वेळी पण असंच होऊन राहिलं होतं. एखाद्याची पट्टी निघतच नव्हती. नाव तर यादीत दिसे. मंग मी त्याची नवीन नोंद करून टाकली, तर निघे पट्टी. मला वाटलं तुमची सिस्टम तशीच आहे."

ताई इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइपिंग शिकलेल्या. शिफ्ट दाबून जे, मग डी, मग यू: ऱ्ह. त्यांच्या बोटांतून ऱ शिवाय दुसरं काही येणारच नाही. त्यांनी केलेली नवी नोंद पहिल्या पोराच्या फोनमधून येणाऱ्या नावाशी तंतोतंत जुळायची आणि पट्टी निघायची. मृग बहाराचा माल फेब्रुवारीपासून येतो. म्हणजे निदान तेव्हापासून आमचा दोष ताई हाताने बुजवत होत्या आणि आम्हाला पत्ताच नव्हता. शनिवारी तो उघडा पडला, कारण अंबियाच्या, म्हणजे दुसऱ्या बहाराच्या, मालासोबत असे तीन जुने शेतकरी आले, ज्यांची नवी नोंद अजून व्हायची होती, आणि एकाच दिवसात पाच नोंदी अडल्यावर बेरीज डोळ्यात खुपण्याएवढी चुकली. एकदोन नोंदी असत्या तर ताईंनी पुन्हा तेच केलं असतं.

"मग सांगायचं ना ताई तेव्हाच."

"सांगायचं काय त्यात? काम तर होऊन राहिलं होतं."

याच्यावर मला बोलता आलं नाही.

अकरा जोड्यांपैकी आठांचं बँक खातं दोन्हीकडे तेच होतं, त्या आम्ही एकत्र केल्या. तिघांचं खातं बदललेलं होतं. त्यांचं खरं खातं कुठलं हे डीबगर सांगू शकत नाही. ताईंनी त्या तिघांना फोन लावले. एकाने जुनं खातं बंद झाल्याचं सांगितलं, एकाने दोन्ही चालू आहेत म्हणून सांगितलं, आणि एक काका म्हणाले, पासबुक घेऊन येतो मंगळवारी. मंगळवारपर्यंत त्यांची पट्टी हाताने काढली.

काय बदललं

मर्ज आता लेफ्ट आहे, व्हॅलिडेटसह. जोडी न सापडलेल्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि ती फाइल रिकामी नसेल तर बँकेची फाइल तयारच होत नाही. प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजूंना नोंदींची संख्या आणि वजन तपासलं जातं. दुरुस्तीच्या चाचण्यांत पाच नावं कायमची घातली आहेत: दोन्ही रस्त्यांचा वऱ्हाडे, सुट्या नुक्त्याचा वऱ्हाडे, आणि 'ॲ'चे दोन्ही अवतार. नावालाच 'की' मानून जोडी लावायची, हा मूळ प्रकार अजून पूर्ण गेलेला नाही. फोनवरच्या ॲपमध्ये शेतकऱ्यांची यादी आधीच उतरवून ठेवायची, म्हणजे रेंज नसतानाही कोड निवडता येईल, यावर काम चालू आहे.

शोध सगळा फाइलींच्या प्रतीवर केला, खाते क्रमांक झाकून. पॅकहाउसच्या संगणकावर ब्रेकपॉइंट कधीच लावला नाही. तो चुकून कोडमध्ये राहिला तर रात्रीचा जॉब एक तर तिथेच अडून बसतो किंवा मरतो, आणि सकाळी पट्टी नाही. तरी माणूस विसरतोच, म्हणून त्या यंत्रावर पायथनब्रेकपॉइंट हा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य करून ठेवला आहे. मग कोडमधले सगळे ब्रेकपॉइंट आंधळे होतात.

ताईंना मी एक गोष्ट करून दिली. त्यांच्या एक्सेलमध्ये काटापट्टीतलं आडनाव आणि मास्टरमधलं आडनाव शेजारी शेजारी येतं, त्यांच्यापुढे 'लेन'चे, म्हणजे लांबी मोजणाऱ्या सूत्राचे, दोन रकाने टाकले. दोन आकडे वेगळे आले की ओळ पिवळी. ७ आणि ८ ची सगळी कथा त्यांना सांगितली तेव्हा त्या हसल्या होत्या, पण त्यांनी तो रकाना काढून टाकला नाही.

दहा-बारा दिवसांनी सकाळी फोन. "दादा, एक ओळ पिवळी होऊन राहिली. इकडे सात, तिकडे आठ."

फाइल मागवली, प्रॉम्प्टवर घेतली. 'पी' ने या वेळी काहीच उघडं पाडलं नाही, कारण सुटा नुक्ता त्याच्या लेखी दिसणारं चिन्ह आहे. 'एएससीआयआय' फंक्शनमधून काढल्यावर दिसलं: र, नुक्ता, हलन्त. गावात एक नवा पोरगा लागला होता, तिसरा फोन, तिसरा कीबोर्ड. 'जुळणी'च्या रकान्यात एनएफसीने त्याचा आधीच ऱ केला होता.

"पट्टी निघाली का त्यांची?" मी विचारलं.

"निघाली ना. वजन पण बरोबर आहे."

"मग काही नाही ताई, ते आपण आधीच धरलेलं आहे."

"मंग ठीक आहे," म्हणाल्या, "मी नवीन नोंद नाही करत," आणि फोन ठेवला.